सहीचा हात

हे सारं एकोणीसशे एक्याऐंशी सालातलं. मी तेव्हा छत्तिशीत होते, परदेशातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या लॅबमध्ये रोग्यांचं रक्त काढायचं काम करत होते, आणि माझ्या उजव्या हाताचं प्लास्टर निघून थोडेच दिवस झाले होते. बँकेच्या काउंटरवर काचेखाली एक फट असते, पैसे आणि कागद आत-बाहेर करायला. त्या फटीतून मी माझा चेक आत सरकवला. पलीकडे बसलेला क्लार्क आपल्याच मुलखातला. आमच्या वस्तीतल्या सगळ्या बायका त्याला भावजी म्हणायच्या, कारण तो सगळ्यांनाच वहिनी म्हणायचा. त्यानं चेक घेतला, लाकडी पेटीतून माझ्या सहीचं कार्ड काढलं, दोन्ही शेजारीशेजारी ठेवून पाहिलं, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं, आणि चेक त्याच फटीतून परत माझ्याकडे ढकलला.

"वहिनी, ही सही तुमची नाही."

"अहो भावजी, तुमच्यादेखत केली ना आत्ता."

"मी बघितली हो. पण मी बघून काय उपयोग? कार्डाला डोळे नाहीत. त्याला जुनीच सही माहीत आहे."

मी हात वर करून काचेला लावून दाखवला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्ही अर्धवट वाकलेली, ना सरळ होत ना मिटत. लेखणी धरली की ती दोघं पाहुण्यासारखी बाजूला बसायची. भावजी चुकचुकला. म्हणाला, नवं कार्ड भरा, पाच मिनिटांचं काम आहे. मग मान पुढे काढून हळू आवाजात म्हणाला, "फक्त एक बघा. जुन्या सहीचे चेक कुणाला देऊन ठेवले असतील तर ते आधी मागून घ्या. नवं कार्ड लागलं की ते परत येणार. आणि इथं चेक परत आला तर बँक विचारत नाही, थेट पोलीस विचारतात. ज्याची सही त्याच्या हातात बेडी. बाई असली तरी."

मुलीच्या शाळेसाठी अक्काला ड्राफ्ट पाठवायचा होता म्हणून मी आले होते. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मुलगी तीन वर्षांची असल्यापासून तिच्याकडे होती, आणि आता तिला दुसरे दात आले होते. ते मी फोटोत पाहिले होते. मी चेक पर्समध्ये ठेवला आणि बाहेर आले. बाहेर ऊन असं होतं की गाड्यांच्या टपांवरून हवा थरथरत वर जाताना दिसत होती. कुठल्याशा गाडीचं दार धाडकन लागलं आणि माझा उजवा हात आपसूक काखेत गेला. त्या हाताला माझ्याआधी कळायचं.

आमच्या गाडीचं दार जाड होतं. नवऱ्यानं ती गाडी जुनी घेतली होती, माझ्या पगारातून, आणि दर सुट्टीला पुसून लख्ख करायचा. त्या दिवशी आम्ही बाजारातून परत येत होतो. मी समोरच्या काचेकडे बघत म्हटलं होतं, "यंदा डिसेंबरात माझा करार संपतोय. मी नवा करणार नाही. करार संपला की जमा होणारा फंड घेऊन परत जाणार आहे मी." त्यानं गियर बदलला. घराखाली गाडी लावली. मी उतरले, खाली वाकून सीटखालची पिशवी काढायला लागले, उजवा हात आधारासाठी दाराच्या चौकटीवर. तो पलीकडून वळसा घालून आला. मी वर पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, माझ्या हाताकडे पाहत होता. मग दार आलं. आवाज धाडकन झाला नाही, मऊ झाला, उसाच्या कांडक्यावर पाय पडल्यासारखा. दार लागलंच नाही पुरतं, कारण मध्ये मी होते. त्यानं ते उघडलं आणि म्हणाला, "लक्ष कुठं असतं तुझं?"

पुढे कितीतरी वर्षं लोकांनी मला समजावलं की माणसाचं असं होतं, चुकून होतं. मी कुणाशी वाद घातला नाही. ज्यानं डोळे पाहिलेत त्यानं वाद कशाला घालायचा?

इस्पितळात आमचा एक्स-रे काढणारा आपल्याकडचाच होता. सगळे त्याला फोटोवाले म्हणायचे, आणि तो लग्नातल्या फोटोग्राफरसारखाच बडबड्या होता. माझा हात पाटीवर ठेवताना तो म्हणाला, "हसा ताई, फोटो कायम राहतो." फिल्म उजेडात धरली आणि त्याची बडबड थांबली. तीन ठिकाणी हाड चुरगळलेलं दिसत होतं, खडू टाचेखाली यावा तसं. फिल्म खाली ठेवून तो म्हणाला, "त्या दाराला सांगा, पुढच्या वेळी पायावर ये. हातावर पोट आहे बाईचं." मी हसले. मला इतकं हसू आलं की पाटीवरचा हात हलला आणि कळ थेट दातांत गेली. त्यानं ती फिल्म मला देऊन टाकली. "घरच्या अल्बमला," म्हणाला.

प्लास्टरच्या त्या दिवसांत नवरा माझी वेणी घालायचा. हे कुणाला सांगितलं तर लोक म्हणतात, बघा, किती प्रेम. रोज सकाळी मला स्टुलावर बसवून तो मागे उभा राहायचा. गुंता आला की फणी थांबवायचा नाही, तशीच खाली ओढायचा. डोळ्यांत पाणी यायचं. समोरच्या आरशात तो मला दिसायचा, ओठ मुडपून, कामात गढलेला, दुकानात नट आवळताना दिसायचा तसा. त्यानं एका कंपनीची स्टोअरकीपरची नोकरी सोडून गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान काढलं होतं, ते चालत नव्हतं, आणि त्याला मोठा गाळा हवा होता. वेणी इतकी घट्ट बसायची की सोडल्यावरही दिवसभर भुवया ताणल्यासारख्या वाटायच्या. सुईचं काम बंद होतं, पण चिठ्ठ्या डकवायला मी लॅबमध्ये गेले की पहिल्यांदा ती सोडायची. डाव्या हातानं.

बँकेतून आलेल्या त्या दुपारी मी त्याला नुसतं म्हटलं, "अहो, सही जुळत नाही म्हणाले. नवं कार्ड भरावं लागेल."

तो जेवत होता. मान वर न करता म्हणाला, "कसली घाई आहे? जुन्या सहीचं एक बुक शिल्लक आहे माझ्याकडं. वर्ष निघेल."

आणि मग मला समजलं. मी ताट घेऊन ओट्याशी गेले, नळ सोडला, पाण्याचा आवाज मोठा होऊ दिला आणि उभी राहिले. पगार माझ्या एकटीच्या नावावर जमा व्हायचा, तसा तिथला नियमच होता. पण माझी ड्यूटी आणि बँकेची वेळ एकच, म्हणून पगाराच्या दिवशी तो चेकबुक जेवणाच्या टेबलावर उघडून ठेवायचा, आणि मी भाजी चिरायच्या आधी सगळ्या कोऱ्या चेकांवर सह्या करून टाकायची. आमच्या वस्तीत बहुतेक बायका असंच करायच्या. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं, उलट जिचा नवरा असं करायला सांगत नसे, त्यांच्यात बेबनाव आहे असं आम्ही म्हणायचो. सहीसुद्धा त्यानंच बसवून दिली होती, परदेशी निघायच्या आधी, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. आधी माझं नाव, मग त्याचं, मग आडनाव, आणि शेवटी एक गोल फिरून येणारं वेलांटीसारखं वळण, जे सगळ्या नावाखालून जायचं. "कुणाला नक्कल करता येऊ नये," म्हणाला होता. आता ती मलाच करता येत नव्हती. बँकेत माझ्या खात्यावर चालत होता तो माझा मोडण्याआधीचा हात. आणि तो हात त्याच्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये होता, कुलपात.

पाणी भांड्यातून ओसंडत राहिलं. मला आठवत होता माझ्या वडिलांचा रूळ. वडील शाळामास्तर होते, चांगले होते, गावात त्यांचं नाव होतं. मी डावखुरी जन्मले. पाटीवर पहिलं अक्षर मी डाव्या हातानं काढलं आणि त्यांनी ते हातानं पुसून टाकलं. दुसरंही मी डाव्यानंच काढलं. मग रूळ आला. बोटांच्या उभ्या बाजूला, हाडावर. ते रागवायचे नाहीत, ओरडायचे नाहीत, पुढच्या मुलाची पाटी तपासतातपासता एक हात लांबवून मारायचे. एका उन्हाळ्यात माझा डावा हात सुजून भाकरीसारखा झाला, आणि शाळा सुरू झाली तेव्हा मी उजव्या हातानं लिहीत होते. सगळ्यांनी कौतुक केलं. आई मात्र त्या सुजलेल्या हातावर हळद लावताना म्हणाली होती, "मुकाट्यानं शिकलीस, बरं झालं. नाहीतर त्यांनी मोडलाच असता." म्हणजे एक हात वडिलांनी गप्प केला आणि दुसरा नवऱ्यानं मोडला. मी नळ बंद केला. मला रडू आलं नाही. एक विचित्र भूक लागली होती, काहीतरी चावून तोडावं अशी.

लॅबमध्ये आता मी डाव्या हातानं सुई धरत होते. आमच्या प्रमुख होत्या त्या परदेशी बाई, मोठ्या बाई म्हणायचो आम्ही, कडक, केसांचा घट्ट अंबाडा. प्लास्टर निघाल्यावर त्यांनी मला एका नळीत लाल पाणी भरून दिलं, रबरी शीर दिली आणि म्हणाल्या, टोच. मी डाव्यानं टोचली. सुई अशी गेली जशी ती तिथलीच होती. त्याच दिवशी त्यांनी मला पुन्हा सुईच्या कामावर घेतलं. इतक्या वर्षांचा मार खाऊनसुद्धा तो हात काही विसरला नव्हता. मला त्या लॅबची अजून आठवण येते. पांढऱ्या फरशा, थंड हवेच्या यंत्राची घरघर, खिडकीतून येणारं झिरपतं ऊन, आणि ओळीनं उभ्या नळ्या, गडद लाल, प्रत्येकीवर कुणाचं तरी नाव. माझ्या आयुष्यात तेवढी शांत जागा दुसरी नव्हती. जगभरचं रक्त होतं तिथं, पण सांडलेलं नव्हतं.

तिथं राहायचा परवाना दरसाल नवा करावा लागे आणि त्यासाठी रक्ताची तपासणी. तर नवरा आला. दुपारची जेवणाची वेळ, बाकीच्या मुली खाली गेलेल्या. तो खुर्चीत बसला, बाही वर केली आणि मान दुसरीकडे वळवली. त्याला सुईची भीती होती, पहिल्यापासून.

"डाव्या हातानं काढणारेस?"

"उजवा वळत नाही."

"दुसरं कुणी नाही का?"

"जेवायला गेलेत. मूठ वळा."

मी रबरी पट्टी आवळली. त्याची शीर फुगून वर आली, जाड, निळसर, हाताखाली उड्या मारणारी. मी कितीतरी वर्षं त्या हाताशेजारी झोपले होते, पण तो मी असा कधी पाहिला नव्हता, पट्टीनं बांधलेला, आतली बाजू वर करून, पांढरा. तो भिंतीकडे बघत बोलत होता, भीती लपवायला.

"गाळ्याचं काम झालं. मालक वर्षाचे चेक एकदम मागत होता, दर एक तारखेचे. दिले."

"कुणाच्या सहीचे?"

"कुणाच्या म्हणजे? तुझ्या. माझ्या खात्यात काय, पाली फिरताहेत. आणि तू तो नवा करार करून टाक या आठवड्यात. डिसेंबरात फंड जमा झाला की माल भरतो. पाच वर्षांत आपण राजे."

"मुलगी तोवर चौदाची होईल."

"मग? अक्का आहे ना. खायला घालतेय."

पहिली सुई मी शिरेच्या शेजारी घातली. शीर मला स्वच्छ दिसत होती. तो कळवळला. मी सुई आतल्या आत फिरवली, बाहेर काढली, आणि पुन्हा शेजारीच घातली. त्याच्या कपाळावर घाम फुटला, खालचा ओठ पांढरा पडला. मी कधी कुठल्या रोग्याला दुसऱ्यांदा टोचलं नव्हतं. तिसऱ्या वेळी मी त्याच्या दंडाला गच्च धरलं आणि म्हटलं, "मूठ घट्ट धरा. लक्ष कुठं असतं तुमचं?" त्यानं एकदम माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि दाराची गोष्ट आमच्यात पहिल्यांदा आणि शेवटची तिथं बोलली गेली. मग मी सुई शिरेत घातली आणि नळी भरू लागली. रक्त गरम असतं, नळीच्या काचेतून बोटांना कळतं. मला वाटलं, पट्टी सोडूच नये, नळ्यांमागून नळ्या भराव्यात, तो रिकामा होईपर्यंत, आणि मग त्याला पेटीत ठेवून वर नाव लिहावं. मी कापूस दाबला, म्हटलं, "झालं. हात वर धरा." याचा मला पश्चात्ताप कधी झाला नाही. आजही नाही.

तो गेल्यावर मी हिशेब केला. पैशांचा नाही, तो सोपा होता. कार्ड बदललं नाही, तर डिसेंबरात माझा फंड जमा होईल त्याच दिवशी तो जुन्या हातानं काढून घेईल, आणि मी परत जाणार ती रिकाम्या हातानं, म्हणजे जाणारच नाही. कार्ड बदललं, तर पुढच्या एक तारखेला गाळ्याचा पहिला चेक परत येईल आणि पोलीस माझ्याकडे येतील. मालकाला जाऊन चेक मागावेत, तर तो आधी दुकानात निरोप धाडणार. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला कोठडी. मी नळ्यांवर चिठ्ठ्या डकवत होते. चिकटलेल्या चिठ्ठीची कड बोटानं दाबताना माझ्या लक्षात आलं, की कोठडीचं दार निदान दुसऱ्याच्या हुकमानं लागतं. त्याला माझा राग नसतो.

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकून बँकेत गेले. भावजी उठून उभा राहिला. "वहिनी, या. कार्ड भरायला ना?" मी म्हटलं, "भावजी, एक विनंती. हे यांच्या कानावर घालू नका." तो गंभीर झाला, छातीवर हात ठेवला. "छे छे. बँकेची गोष्ट म्हणजे बँकेची गोष्ट. माझ्या बायकोला माझा पगार माहीत नाही, बोला." आणि मला केबिनमध्ये घेऊन गेला. मॅनेजर परदेशी, पांढऱ्या भुवयांचा, थकलेला माणूस. त्यानं माझा हात पाहिला, कोरं कार्ड आणि लेखणी पुढे केली. कार्डावर तीन वेळा सही करायची असते. मी उजव्या हातानं केली, तीन वेळा केली, आणि तिन्ही तीन बायकांच्या दिसल्या. त्यानं मान हलवली. "सही बसेल तेव्हा या."

मी लेखणी डाव्या हातात घेतली. बोटांच्या कडेला, हाडावर, तो रूळ अजून होता. मी हळूहळू, एकेक अक्षर, पहिलीतल्या मुलीसारखं लिहिलं. आपल्या लिपीत. नुसतं माझं नाव. मधलं नाही, शेवटचं नाही, खालून जाणारं वळण नाही. तीन वेळा. तिन्ही सारखी आली, बटबटीत, तिरकी, पण सारखी.

मॅनेजरनं कार्ड उचललं. "यजमानांना माहीत आहे?"

मला त्यांची भाषा मोडकीच यायची. मी म्हटलं, "खातं कुणाचं?"

त्यानं शिक्का मारला.

भावजीनं त्याच संध्याकाळी दुकानात फोन केला. पुढे त्यानं शपथेवर सांगितलं की त्याला वाटलं होतं, मी नवऱ्याला आनंदाचा धक्का देणार आहे. "दादा, वहिनींची नवी सही एकदम फर्स्टक्लास बसली. आता काळजी मिटली," असं म्हणाला तो. आपली माणसं अशीच. कुणाचं भलं झालेलं दिसलं की त्यांना धीर धरवत नाही. मी परक्या माणसाला सांगितलं असतं तर गोष्ट लपली असती. आपला म्हणून सांगितलं, तिथं चुकलं.

सकाळी नवरा म्हणाला, "चल, जरा बँकेत जाऊन येऊ." आवाज अगदी साधा. त्यानं माझ्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं. मी बसले, दोन्ही हात मांडीवर घेतले. माझे हात आत आहेत हे त्यानं पाहिलं, आणि दार इतक्या हळू लावलं, इतक्या हळू, की मी दोन्ही हात मांडीखाली घेतले. वाटेत तो शीळ घालत होता.

बँकेत गर्दी होती. तो रांग सोडून काउंटरशी गेला. "कालचं ते कार्ड फाडून टाक."

भावजी हसला. "दादा, तसं फाडता येत नाही हो. खातं वहिनींचं. त्यांनी सांगायला हवं."

"सांग त्याला," नवरा मला म्हणाला.

मी मागे रांगेकडे पाहिलं. मला आठवतंय, रांगेतल्या एका बाईच्या हातात कपडे धुवायच्या साबणाची पिशवी होती, आणि तो वास सगळीकडे होता.

"सांग."

"वहिनी, काय सांगू मग?" भावजी म्हणाला, आणि खाली वाकून फटीतून माझ्याकडे पाहू लागला. तेवढ्यात नवऱ्यानं फटीतून हात आत घातला, त्याचा टाय धरला आणि ओढला. भावजीचं तोंड काचेवर आपटलं. नवऱ्यानं टायला हाताचा वेढा दिला आणि एक पाय काउंटरला लावून पुन्हा ओढला. काचेवर भावजीचा गाल चपटा झाला, नाक एका बाजूला गेलं, एक डोळा काचेला चिकटून माझ्याकडे बघत राहिला, मत्स्यालयातल्या माशासारखा. तो काहीतरी बोलत होता, पण काचेवर नुसती वाफ येत होती. मला ओठांवरून कळलं. वहिनी, सांगा ना यांना. नाकातून रक्त आलं आणि काचेवरून खाली ओघळलं, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की रक्त पातळ आहे, या माणसानं तपासून घ्यायला हवं. इतकी मी दूर होते. नवरा दुसऱ्या हातानं काच ठोकत होता, प्रत्येक ठोक्याला म्हणत होता, फाड, फाड, फाड. काच तडकली नाही, त्याची बोटं फुटली. बायका किंचाळत मागे सरल्या. मग दारावरचा शिपाई धावत आला आणि त्यानं आपला दंडुका नवऱ्याच्या कोपरावर हाणला. तो आवाज मी ओळखला. मऊ. उसाचा. शिपायानं पुन्हा हाणला, पुन्हा हाणला, नवरा फरशीवर पडला तरी हाणला, आणि माझ्या आत कुणीतरी, लहान मुलीच्या आवाजात, मास्तरांच्या घरातल्या मुलीच्या, मोजत होतं, आणखी एक, आणखी एक. मी कुणाला थांबवलं नाही. माझे दोन्ही हात काखेत होते.

फरशीवरून त्यानं वर पाहिलं. तोंडात रक्त होतं, दात लाल. "अगं, सांग ना यांना," म्हणाला तो. अगदी भावजीसारखंच.

त्याला नेलं. बाहेरून आलेल्या माणसानं बँकेत हात उगारला, म्हणजे तिथं फार चर्चा नसे. थोडे दिवस आत ठेवलं आणि विमानात बसवलं. मी भेटायला गेले नाही.

माझ्याकडे पोलीस आले ते दोन तारखेला, लॅबमध्ये. दोघे होते, सभ्य होते, चेकला टाचलेली चिठ्ठी दाखवली. सही जुळत नाही. मी हातातली नळी जागेवर ठेवली, चिठ्ठी डकवायची राहिली होती ती डकवली, आणि म्हटलं, चला. मोठ्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पोलिसांना त्यांच्या भाषेत काहीतरी खडसावलं आणि माझ्या खांद्यावर आपली शाल टाकली. चौकीत त्यांनी दहाही बोटांचे ठसे घेतले. उजव्या हाताची ती दोन बोटं सरळ होईनात, तेव्हा तिथल्या हवालदारानं ती आपल्या अंगठ्याखाली दाबून कागदावर लाटली. मी ओरडले. डॉक्टरसमोर ओरडले नव्हते, नवऱ्यासमोर ओरडले नव्हते, तिथं ओरडले, घसा फुटेस्तोवर, आणि हवालदार घाबरून उभा राहिला. मग मला बायकांच्या खोलीत घातलं. दार लागलं. जाड लोखंडी दार, आणि माझे हात माझ्यापाशी होते. भर दुपार होती, वरच्या झरोक्यातून ऊन पडलं होतं. मी शाल अंथरली आणि झोपले. वेणी सोडून झोपले. गाडीच्या त्या दारानंतर मला अशी झोप लागली नव्हती.

मला आठ-दहा दिवस तिथं काढावे लागले. फोटोवाल्यानं आणि मोठ्या बाईंनी इस्पितळाच्या कचेरीत खेटे घातले, माझा फंड वेळेआधी मिळवून दिला. गाळ्याच्या मालकाला वर्षाचं सगळं भाडं एकदम भरलं, तेव्हा त्यानं तक्रार मागे घेतली. जवळजवळ अर्धा फंड त्या गाळ्यात गेला, ज्यात मी कधी पाऊलही टाकलं नाही. उरलेला अर्धा मी डाव्या हाताच्या सहीनं काढला. भावजी नव्हता, दुसराच कुणी होता. त्यानं कार्ड पाहिलं, चेक पाहिला आणि पैसे मोजून फटीतून बाहेर सरकवले. तो मान वर करून बोलला नाही, आणि मला ते फार आवडलं.

गाळ्याच्या मालकानं तोच गाळा त्याच महिन्यात दुसऱ्याला भाड्यानं दिला, असं मला नंतर कळलं. भावजीची मान कायमची एका बाजूला राहिली. तो दुसऱ्या बँकेत गेला, तिथं त्यानं टाय घालायला साफ नकार दिला. मुलाच्या लग्नाला त्यानं मला बोलावलं आणि मांडवात हात धरून म्हणाला, "वहिनी, मी चांगल्या मनानं फोन केला होता." मी म्हटलं, "भावजी, ते मला माहीत आहे." मोठ्या बाई निवृत्त होऊन आपल्या देशी गेल्या. त्यांची शाल माझ्याकडेच राहिली, तिला आता भोकं पडलीत. फोटोवाला परत येऊन स्वतःचं दुकान घालून बसला, आणि रक्ताच्या आजारानं गेला, पन्नाशीही झाली नव्हती. शेवटी शेवटी मी त्याला भेटायला जायची. "ताई, इतक्यांचे फोटो काढले, माझाच बिघडला," म्हणाला. अक्का म्हातारी होऊन गेली. माझ्या मुलीला तिलाच आई म्हणायची सवय होती, आणि मी ती कधी मोडायला गेले नाही.

नवरा त्याच्या धाकट्या भावाकडे राहिला. त्याचं कोपर पुन्हा सरळ झालं नाही. बायकोनं मला परदेशात तुरुंगात घातलं, असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि ते पुष्कळ जणांना पटायचं. तो गेल्यावर धाकटे दीर माझ्याकडे एक पाकीट देऊन गेले. त्यात ते उरलेलं चेकबुक होतं. बँकेत गेलो त्या दिवशी ते त्याच्या खिशात असणार, आणि तो ते विमानातूनसुद्धा सांभाळून घेऊन आला होता. ती बँकही तोवर बुडाली होती. प्रत्येक चेकावर माझी जुनी सही, ऐटदार, गोल, खालून वळण घेऊन परत येणारी. इतकं सुंदर अक्षर होतं माझं, हे मी विसरलेच होते. मी बराच वेळ बघत बसले. फाडवेना. चेकांच्या पाठी कोऱ्या होत्या, कागद चांगला होता. वर्षभर त्यांवर मी वाण्याची यादी लिहिली, डाव्या हातानं.

मुलगी आता चाळिशीच्या पुढे गेली. गाडी तीच चालवते. परत आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. स्टेशनावरून टॅक्सीत बसताना टॅक्सीवाल्यानं दार लोटलं आणि मी दोन्ही हात झटकन वर केले होते, पोलिसांना शरण जावं तसे. ती माझ्या शेजारी बसली होती. तिनं मला नीट ओळखलंही नव्हतं तोवर. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता आपलेही दोन्ही हात वर केले. तेव्हापासून आमच्या घरात गाडीत बसलं की ती मागे वळून म्हणते, "हात दाखवा." सगळे हात वर करतात, जावईसुद्धा. मग ती दारं लावते. तिनं मला आजवर कधी काही विचारलं नाही. मी सांगितलं नाही. नातीला तर वाटतं, सगळीच माणसं गाडीत बसताना असेच हात वर करतात. मागे ती मैत्रिणीच्या गाडीत बसली, एकटीच हात वर करून थांबली, आणि कुणीच कसं करत नाही म्हणून रडत घरी आली.